सतरा नंबरचा काठ

तुळजापुरात कुणी शेतात प्लॉट पाडायला काढले, की कागदावरचा नकाशा कुणीही करो, तो जमिनीवर उतरवायला बोलावणं जायचं बलभीमला. बलभीमला आणि कडूबाईला, असं म्हणायला हवं. कारण मोजायच्या टेपचं दुसरं टोक गेली सव्वीस वर्षं कडूबाईच्या हातात होतं.

हत्यारं म्हणाल तर एक पहार, एक घण, लोखंडी खुंट्या, सुतळीचे दोन गुंडे आणि फक्कीचं घमेलं. फक्की म्हणजे चुन्याची पांढरी भुकटी. घमेलं डाव्या कमरेला टेकवायचं, उजव्या मुठीतून फक्की सोडत सुतळीच्या कडेनं चालायचं. मूठ सैल झाली की रेघ जाडी होते, आवळली की तुटक पडते. बलभीमची रेघ करंगळीएवढी, या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत एकसारखी. गवंडी म्हणायचे, "बलभीमची रेघ हाय ना? मग पुन्हा मोजायचं काम न्हाय. लावा कुदळ."

रेघ सरळ असायची. संसार मात्र भर उन्हात, टेपच्या दोन टोकांवरून चालायचा.

"अवो, ताणा की टेप! झोळ पडलाय."

"तूच सैल धरलीस."

"म्या? सव्वीस वर्सांत म्या काय सैल धरलं, तेवढं सांगा."

"आगं, लोकं बघायलीत."

"बघू द्या. झोळात एक वीत गेली तर कुनाची न्हाणी कुनाच्या अंगणात जाईल. मग येतील आपल्याच दारात."

मग बलभीम मुकाट टेप ताणायचा. कडूबाई शाळेत चौथीपर्यंतच गेली होती, पण तीन-चार-पाचचा काटकोन डोळे मिटून काढायची.

दिवाळीनंतर दोघांना काम मिळालं नळदुर्ग रस्त्याच्या कडेचं. गौरीशंकर नावाच्या माणसानं तिथं चार एकर घेऊन पंचेचाळीस प्लॉट पाडायला काढले होते. गौरीशंकर माणूस वाईट नव्हता, घाईचा होता. एका हातात फोन, दुसऱ्या हातात दुसरा फोन. जमीन बाकी तीन बाजूंनी सरळ. फक्त एका कोपऱ्यात ओढा वळसा घेऊन अंगाला खेटून जात होता. नकाशात तिथं जाड अक्षरात लिहिलं होतं, ओढ्याच्या काठापासून नऊ मीटर जागा मोकळी.

"ह्या पट्ट्यात काय बी बांधायचं न्हाय," बलभीमनं कडूबाईला समजावलं. "घर न्हाय, भिंत न्हाय, संडासाची टाकी बी न्हाय. सरकारी नियम हाय."

"आन् पाणी तर पावसाळ्यात चार म्हैनेच असतंय."

"चार म्हैने असू दे, न्हाईतर चार दिस. पाण्याला बी कूस बदलायला जागा लागती का न्हाय?"

नऊ मीटर मोजले. काठावर कडूबाई टेप धरून उभी राहिली, बलभीम आत चालत आला, खुंटी ठोकली, रेघ ओढली. त्या रेघेला लागून कोपऱ्यात तीन प्लॉट बसले, सोळा, सतरा आणि अठरा. त्यातला सतरा नंबर ओढ्याच्या अगदी वळणावर.

सतरा नंबर शिवरंजनीनं घेतला होता. शिवरंजनी एसटीत कंडक्टर. तुळजापूर डेपोची, सोलापूरच्या फेऱ्या करणारी, तिशी ओलांडलेली, एकटी. फक्की पडली त्याच दिवशी ती ड्युटी उरकून खाकी कपड्यांत थेट प्लॉटवर आली. रेघेच्या बाहेर थांबली, चप्पल काढली आणि आत पाऊल टाकलं.

"मामा, हा सगळा माझाच ना?"

"ह्या रेघेपास्नं त्या रेघेपातूर. कुनी बी 'पुढं सरका' म्हणायचं न्हाय आता तुमाला."

"ते तर मी म्हणते दिवसभर लोकांना!" शिवरंजनी हसली. मग प्लॉटच्या मधोमध जाऊन उभी राहिली. "बारा वर्षांत सात खोल्या बदलल्यात, मामा. एका घरमालकाला माझी पहाटेची ड्युटी चालायची नाही, एकाला रात्रीची. भाऊ म्हणतो, बाईमाणसाला एकटीला प्लॉट कशाला? म्हटलं, बाईमाणसाला एकटीलाच लागतो."

"इथंच का घेतला पर? रस्त्याकडचे मोकळे व्हते की."

"दिवसभर हॉर्न ऐकते मी. इथं ओढ्याकडून वारं येतं. आणि गप्प आहे सगळं."

कडूबाईला ती पोरगी फार आवडली. जाताना तिनं शिवरंजनीच्या हातावर थोडी फक्की ठेवली आणि म्हणाली, "एक मूठ तुमी बी टाका. आपल्या घरची रेघ हाय." शिवरंजनीनं टाकलेली रेघ नागमोडी झाली. बलभीमनं ती पुसली नाही. शेजारून आपली सरळ ओढली.

इथवर सगळं नीट होतं. मग आली येळवस.

मार्गशीर्ष सरताना येणारी ही अमावस्या या मुलखात दिवाळीपेक्षा मोठी. त्या दिवशी गाव ओस आणि शिवार भरलेलं. शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी करायची, आत पाच दगडांचे पांडव चुन्यानं रंगवून मांडायचे, मिसळ भाजीची भज्जी, बाजरीचे उंडे आणि ताक-ज्वारीचं आंबील यांचा निवद दाखवायचा आणि येईल त्याला जेवू घालायचं. जेवणाआधी घरातल्या कर्त्या पुरुषानं आंबिलाची घागर घेऊन शेताच्या हद्दीनं फेरा घालायचा, उभ्या पिकावर आंबील शिंपडत.

ले-आउटला लागूनच मल्लिकार्जुन आप्पांचं रान होतं. आप्पा पंचाहत्तरीचे, कपाळावर विभूती, अर्धं बोलणं कानडी, अर्धं मराठी. एकेकाळी ही सगळी जमीन त्यांच्या घराण्याची एकच होती; चुलत्याच्या वाट्याची चार एकर विकली गेली तीच गौरीशंकरनं घेतली. सतरा दिवस शेजारी काम करणाऱ्या बलभीम-कडूबाईला आप्पांनी आग्रहानं जेवायला बोलावलं होतं.

"बा, बा! कूड! या, बसा!" आप्पांनी कोपीपाशी घोंगडं पसरलं. "कडूबाई, लाजू नको. भज्जी हातानं घ्यायची असती, पळीनं न्हाय."

पण आधी फेरा. आप्पांनी घागर उचलली, 'ओलगे, ओलगे' अशी येळवशीची अर्धी कानडी अर्धी मराठी हाळी दिली आणि निघाले. मागून नातू, सुना, पाहुणे, त्यात बलभीम. शाळूतून, हरभऱ्यातून आप्पा आपल्या बांधापर्यंत आले. आणि बांध ओलांडून सरळ ले-आउटमध्ये शिरले.

"आप्पा, ती जमीन तर..." बलभीम मागून म्हणाला.

"सातबारा बदलला, बाबा. आंबील बदललं न्हाय." आप्पा थांबले नाहीत. "गौरीशंकरला म्या इचारलंय. हसला आन् म्हनला, शिंपडा."

पांढऱ्या रेघांच्या चौकटीतून आप्पा चालले होते. रस्त्याची कड धरली, मागची कड धरली, मग ओढ्याकडे वळले. बलभीमला वाटलं, आता हे पार ओढ्यापर्यंत जाणार, आणि काठाकाठानं वळणार. पण आप्पा मध्येच वळले. काठ अजून पाच-सहा पावलं पुढं होता. मोकळ्या पट्ट्याच्या मधोमध, कुठं काही खूण नाही, दगड नाही, झाड नाही, तिथून आप्पा गर्रकन वळले आणि ओढ्याचं वळण जसं आहे तसंच, पण आतून, चालू लागले.

बलभीमचा पाय थबकला.

"आप्पा, काठ तिकडं हाय की. फुडं."

"कुठं?"

"ते काय, तिथं."

आप्पांनी डोळे किलकिले करून पाहिलं. "तो व्हय? तो मुरूम हाय. काठ ह्यो हाय." आणि पायाखाली आंबील शिंपडलं.

"मुरूम?"

"दसरा झाल्यावर ट्रॅक्टर आला व्हता. सगळं सपाट दिसावं मनून ढकलला वढ्यात. सहा वर्साचा व्हतो तवापास्नं ह्या काठानं फिरतोय म्या. माजा बा मागं, म्या फुडं. एकदा पाय घसरून आंबिलासकट खाली गेलो व्हतो. लई मार खाल्ला. तो काठ इसरंल का पाय?" मग त्यांनी ओढ्यापलीकडच्या बाभळीकडे बोट केलं. डोक्याइतक्या उंचीवर फांद्यांत कडबा आणि प्लास्टिकच्या चिंध्या अडकल्या होत्या. "भादव्यात पाणी तिथवर व्हतं. मंजे इथं, आपुन उभे हाव तिथं, गुडघ्याला लागंल येवढं."

फेरा पुढं गेला. बलभीम तिथंच राहिला.

जेवण त्यानं केलं, पण काय खाल्लं ते त्याला विचारू नका. कडूबाईनं दोनदा कोपरानं ढोसलं, "अवो, आंबील सांडायलंय." शेवटी हात धुऊन तो उठला, पहार घेतली आणि आप्पा वळले होते तिथं जाऊन खणू लागला. हातभर तांबडा मुरूम निघाला, भुसभुशीत, नवा. त्याच्याखाली काळी माती. आणि पुढं ओढ्याच्या बाजूला दोन हात सरकून खणलं, तर मुरूमच मुरूम. आणखी खाली खणलं तेव्हा वाळू आणि तिच्यात गोगलगायीचे पांढरे शंख.

कडूबाई खड्ड्याच्या काठावर येऊन बसली.

"पाच मीटर," बलभीम म्हणाला. "म्या पाच मीटर ओढ्यात उभं राहून मोजलं, कडू."

"तुमी न्हाय. म्या उभी व्हते तिथं."

"टोक धरायला तुला म्याच सांगितलं."

खरी गोष्ट अशी की दुसरा कुणी असता तर त्यानंही तसंच मोजलं असतं. ओढा कोरडा, कड दिसते ती धरायची, टेप लावायची. पण बलभीम त्या खड्ड्यात उभा राहून मनातल्या मनात रेघ आत सरकवत होता. काठ पाच मीटर आत, म्हणजे रेघही पाच मीटर आत. सतरा नंबरची पुढून-मागं लांबी बारा मीटर. उरले सात. त्यात पुढं-मागं सोडायचं ते सोडून उभं राहणार काय? तुळशीवृंदावन?

"कुनाला ठावं न्हाय अजून," तो हळूच म्हणाला. "कागदाला पयली मंजुरी मिळालीय. सायब लोक येतील, टेप लावतील, नऊ भरतील."

"व्हय. भरतील."

"आन् सांगितलं तर त्या पोरीचा प्लॉट जातोय. आठवी खोली बघंल ती."

कडूबाईनं एक शंख उचलून धुळीवर फुंकर मारली. "न्हाय सांगितलं तर पोरगी पाण्यात घर बांधंल. आन् तुमी न्हाय सांगितलं तर सांगणार कोन? आप्पा वर्सातनं एकदा सांगत्यात, ते बी पायानं."

दुसऱ्या दिवशी गौरीशंकर आला. पांढरे बूट, दोन्ही फोन.

"बलभीम, तुला काय झालंय? एक म्हातारा आंबील शिंपत कुठून वळला, म्हणून मी ले-आउट फिरवू?"

"आप्पाच्या पायावर नका इश्वास ठेवू, शेठ. खड्ड्यात उतरा."

"मी?"

"या, हात देतो."

गौरीशंकर उतरला. तांबडा मुरूम पांढऱ्या बुटांवर सांडला. वाळू हातात घेतली, शंख पाहिला. एक फोन वाजला, तो त्यानं बंद केला. त्यावरून बलभीमनं ओळखलं की गोष्ट आत उतरली.

"ट्रॅक्टरवाल्याला मीच म्हणालो होतो, सपाट कर." तो वर आला. "पण आता काय? तीन प्लॉट गेले म्हणजे नुकसान माझं. त्यात एक विकलेला."

"भादव्यात पाणी आलं मंजे तिन्ही घरांत येणार. मग लोक माझी रेघ बघायचे न्हाईत. तुमचं नाव बघतील."

"ते कळलं रे! करायचं काय ते बोल!"

खड्ड्याकाठची कडूबाई पदर खोचून पुढं आली. "शेठ, एक इचारू? ती बाग कुठं हाय?"

"कुठली बाग?"

"नकाशात हिरवी दावलीय ती."

"ती खुली जागा? मधोमध. पोरांना खेळायला, बाकडी टाकायला. नियमानं सोडावीच लागते."

"किती मोठी?"

"तीन-साडेतीन प्लॉटची."

कडूबाईनं नवऱ्याकडे पाहिलं, जणू एवढं साधं त्याला सुचू नये याचंच तिला नवल. "घरात सांडपाण्याच्या बाजूला न्हाणी ठेवतो का माजघर? पाण्याकडं ती वस्तू ठेवायची, जी भिजली तरी चालती. बाग सरकवा की वढ्याकडं. आन् माणसं आणा बागंच्या जागी."

गौरीशंकर तडक गाडीकडे गेला. मग नकाशा गाडीच्या बॉनेटवर पसरला. बलभीम टेप घेऊन आला, कडूबाईनं दुसरं टोक धरलं. मधल्या हिरव्या चौकोनात तीन प्लॉट नीट बसत होते. रस्ताही मोडत नव्हता. सुधारलेला नकाशा पुन्हा द्यावा लागणार होता, महिना-दोन महिने जाणार होते, गौरीशंकर त्याबद्दल पुष्कळ कुरकुरला, पण फोन लावून आर्किटेक्टला म्हणाला, "अहो, खुली जागा ओढ्याकडे घ्यायची. का म्हणजे? माझ्या फक्कीवाल्याच्या बायकोनं सांगितलंय म्हणून!"

शिवरंजनीला सांगायचं काम कुणी घ्यायचं, यावर मात्र सगळे एकमेकांकडे बघू लागले. बलभीमच गेला. डेपोत, सोलापूर गाडी लागायच्या वेळेला. ती तिकिटाचं मशीन गळ्यात अडकवून चहा पीत होती.

त्यानं सगळं सांगितलं. मुरूम, काठ, आप्पा, खड्डा, बागेच्या जागचे तीन नवे प्लॉट. आपण कुठं उभं राहून मोजलं, तेही.

शिवरंजनीनं कप खाली ठेवला. "म्हणजे माझा सतरा नंबर नाही."

"न्हाय."

"मामा, मी तिथं रेघ मारली होती."

"ठावं हाय."

"मग कशाला मारू दिलीत?"

गाडी लागली. लोक चढू लागले, कुणी खिडकीतून पिशवी टाकून जागा धरली. शिवरंजनी दोन पायऱ्या चढली, वळून मोठ्यानं म्हणाली, "ज्या तीन जागा म्हणताय, त्या दाखवायला रविवारी या. चुना आणा. आणि मी नाही म्हणाले तर नाही!" आणि घंटी वाजवली.

रविवारी ती आली, या वेळी खाकीत नव्हती. बलभीमनं तिच्यासमोर सतरा नंबरची रेघ पायानं मोडली. सव्वीस वर्षांत स्वतःची रेघ मोडायची ही पहिली वेळ. कडूबाईनं खराट्यानं उरलेली झाडली. मग आप्पा वळले होते तो खरा काठ धरून दोघांनी नव्यानं नऊ मीटर मोजले आणि तिथं जाड रेघ ओढली. ही जाड, मुद्दाम. ढकललेला मुरूम गौरीशंकरच्याच ट्रॅक्टरनं दोन दिवसांत उपसून नेला, आणि ओढ्याची खरी कड, कमरेइतक्या उंचीची, काळी, पुन्हा उघडी पडली.

शिवरंजनी मधल्या तीन जागांतून एकटीनं फिरली. पहिल्यात उभी राहिली, नाक मुरडलं. दुसऱ्यात उभी राहिली. तिसऱ्यात गेली आणि ओढ्याकडे तोंड केलं.

"मामा, इथून समोर काय येणार?"

"रस्ता. रस्त्यापल्याड बाग."

"बागेपलीकडं?"

"नऊ मीटर मोकळा पट्टा. मग वढा. वढ्यापल्याड ती बाभळ."

"आणि बागेत कुणी बांधणार?"

"बांधता येत न्हाय."

"पट्ट्यात?"

"तिथं तर कुत्र्याचं घर बी न्हाय."

ओढ्याकडून वारं आलं, थोडं लांबून, पण आलं. सतरा नंबरात दोन्ही बाजूंनी घरं उठली असती. इथं एक बाजू मोकळी होती, आणि समोर जन्मात कुणी उभं राहणार नव्हतं.

"म्हणजे सगळ्या ले-आउटमध्ये हवा फक्त मलाच," ती म्हणाली.

"तुमाला आन् शेजारच्या दोघांना," कडूबाई हिशेबाला पक्की. "पर कोपऱ्याची तुमाला जास्त."

"मग हाच. पण एक अट आहे."

"बोला."

"घराची फक्की मारायला आलात ना, की खिडकी आधी मारायची. ह्या भिंतीत, मधोमध. मोठी. नंतर गवंडी म्हणतो, अहो ताई, लहान बरी."

बलभीम कडूबाईकडे पाहून हसला. पायाची फक्की मारतात, भिंतीची मारतात. खिडकी जमिनीवर कुणी काढत नाही. ती कमरेच्या वर, पुढं कधीतरी येते. पण त्यानं घमेलं कमरेला टेकवलं.

"आत्ताच मारतो. नंतर कशाला? आगं, धर टोक. किती मोठी, म्याडम?"

शिवरंजनीनं दोन्ही हात पसरले. "एवढी."

"ताणा टेप," कडूबाई म्हणाली. "झोळ नका पाडू."